नाताळच्या ताटात एकच तबकडी

गिरगावात आमच्या चाळीमागच्या गल्लीत एक गोव्याचं कुटुंब राहायचं. दिवाळीला आई त्यांच्याकडे फराळाचं ताट पाठवायची आणि ते ताट नाताळात परत यायचं. मधले दीड-दोन महिने ते त्यांच्या फडताळात असायचं, आणि आई त्याची चौकशीही करायची नाही. रिकामं ताट परत करायचं नाही, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ताट यायचं ते नेवऱ्या, कुलकुल आणि दोदोलने भरून, वर क्रोशाचा रुमाल घालून.

मी नववीत होतो त्या वर्षी रुमालाखाली एक कॅसेट निघाली. पुठ्ठ्यावर निळ्या शाईत, बँकेतल्या माणसाच्या सुबक रोमन अक्षरांत लिहिलं होतं: बाख, ख्रिसमस ऑरेटोरिओ, रिख्टर, १९६५. त्याखाली चौघा गायकांची नावं. यानोवित्झ, लुडविग, वुंडरलिख, क्रास. (ऑरेटोरिओ म्हणजे गायक आणि वाद्यवृंदाने मिळून गाऊन सांगितलेली धार्मिक कथा. रिख्टर हा कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंद चालवणारा.) त्या घरातल्या अंकलनी रात्री बसून स्वतःच्या एलपींवरून ती भरली होती. सहा भागांपैकी तीनच, कारण नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये तेवढंच मावतं. उरलेले तीन पुढच्या नाताळाला, म्हणाले. आणि जाता जाता दारातून सांगून गेले, “सुरुवातीला नुसता नगारा वाजेल. टेप बिघडला समजून बंद करू नको.”

अशा कॅसेटला काही जण चोरी म्हणतात, हे मला पुढे कळलं. रेकॉर्डिंग विकत घ्या असं सांगायला निघालेल्या माणसाची सुरुवातच ही अशी. पण जे झालं ते झालं, आणि माझा मुद्दाही त्या पुठ्ठ्यावरच्या नावांपासूनच सुरू होतो.

नाताळ हा युरोप-अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांचा मोसम, आपल्याकडच्या दिवाळी अंकांसारखा. ऑक्टोबरपासून नवे संच यायला लागतात, डिसेंबरात नियतकालिकांतून ‘अभिजात संगीतप्रेमींना काय भेट द्याल’ अशा याद्या येतात. या याद्या मी हौसेने वाचतो. अलीकडे त्यांच्यात दोनच गोष्टी फुगत चालल्यात. एक, हातात धरवणार नाही असा पन्नास, शंभर, दोनशे सीडींचा डबा. दुसरी, हातात धरायला काहीच नसलेलं वर्षभराचं स्ट्रीमिंगचं सभासदत्व. मधल्यामध्ये ती एक तबकडी, एका माणसाने दुसऱ्या माणसासाठी निवडलेली, दिसेनाशी झाली आहे. भेट द्यायची तर ती एक द्यावी, आणि या निवडीवर निव्वळ हळवेपणापेक्षा बरंच काही अवलंबून आहे, असं मला वाटतं.

‘एक यमन दे’ असं आपल्याकडे कुणी दुकानदाराला म्हणत नाही. कुणाचा यमन, हा प्रश्न त्या वाक्यातच बसलेला असतो. पाश्चात्त्य अभिजात संगीत मात्र रचनाकाराच्या नावावर विकलं जातं, म्हणून लोक सर्रास म्हणतात, ‘यंदा मसाया दिला’. हँडेल या रचनाकाराचा ‘मसाया’, हाही एक ऑरेटोरिओच, खरं तर नाताळाचाही नव्हे. १७४१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात हँडेलने तो २४ दिवसांत लिहिला आणि डब्लिनमध्ये तो पहिल्यांदा गायला गेला १३ एप्रिल १७४२ ला, ईस्टरच्या आसपास. गर्दी मावावी म्हणून पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात आणि बायकांनी झग्याखालचे गोल सांगाडे काढून यावं, अशी आधी विनंती केली होती. जमलेला पैसा कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या सुटकेला आणि रुग्णालयांना गेला. येशूच्या जन्माची कथा येते ती तीन भागांपैकी पहिल्यात. तरी आज डिसेंबर आला की इंग्रजी जगात जागोजागी तो गायला जातो. हरकत नाही, गणपतीत भावगीतं वाजतातच की.

पण कुणाचा मसाया? कंडक्टर सर टॉमस बीचम यांचा १९५९ चा घ्या. त्यात हँडेलच्या स्वप्नातही नसलेल्या झांजा आहेत, ट्रँगल आहे, पितळी वाद्यांचा ताफा आहे. सगळा वाद्यमेळ यूजीन गूसेन्स यांनी नव्याने, भरघोस लिहिलेला. विसर्जनाची मिरवणूक चौकात वळावी तसा हालेलुया कोरस, म्हणजे त्यातलं समूहगान, तुमच्यावर येतो. आता क्रिस्टोफर हॉगवूड यांचा १९८० चा ऐका. आकाराने लहान वाद्यवृंद, हँडेलच्या काळातल्यासारखी वाद्यं, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमधली लहान मुलं वरच्या पट्टीत गाताहेत आणि एमा कर्कबीचा कंपनांचा सोस नसलेला, पहाटेच्या पाण्यासारखा आवाज. शब्द तेच, सुरावट तीच, तरी एक भेट ज्याला आवडेल त्याला दुसरी आवडेलच याची खात्री नाही. मला विचाराल तर हॉगवूड. पण माझ्या एका मित्राला, जो बँडच्या तालावर नाचल्याशिवाय वरातीतून हलत नाही, मी बीचमच दिला आणि तो अजून माझं नाव काढतो.

देणाऱ्याचं काम हे एवढंच, आणि ते अवघड आहे. त्याने आधी दोन्ही ऐकायचे, मग समोरच्या माणसाचा स्वभाव आठवायचा, मग ठरवायचं. पियानिस्ट ग्लेन गूल्डने बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स ही रचना १९५५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, अडतीसेक मिनिटांत उधळत वाजवली आणि १९८१ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, न्यू यॉर्कच्या त्याच स्टुडिओत बसून जवळजवळ एक्कावन्न मिनिटं घेतली. पुढच्या वर्षी तो गेला. निवृत्त होणाऱ्या माणसाला यातलं कोणतं द्यावं? मी एकदा दोन्ही दिली होती, आणि ती माझी पळवाट होती.

डबा दिला की हेच कष्ट वाचतात. तुम्ही काही निवडलेलंच नसतं. २०१६ मध्ये मोझार्टच्या मृत्यूला २२५ वर्षं झाल्याच्या निमित्ताने डेका आणि डॉइच ग्रामोफोन या रेकॉर्ड कंपन्यांनी मिळून २०० सीडींचा संच काढला, सुमारे २४० तासांचं संगीत. डिसेंबरात बातमी आली की त्या वर्षी सगळ्यात जास्त सीडी कुणाच्या खपल्या असतील तर त्या मोझार्टच्या, आणि चालू जमान्याचे गायक मागे पडले. आकडा होता साडेबारा लाख. मग लक्षात आलं की मोजणीत प्रत्येक सीडी सुटी धरलेली आहे, म्हणजे संच खपले सव्वासहा हजारांच्या घरात. त्यांतल्या किती डब्यांचा वरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा अजून तसाच असेल, याचा अंदाज मी करत नाही. रोज नेमाने एक तास ऐकलं तरी आठ महिने लागतात. अभ्यासकाने, ग्रंथालयाने तो संच जरूर घ्यावा. भेट म्हणून मात्र तो घेणाऱ्याच्या घरातली फळी अडवतो आणि देणाऱ्याच्या खर्चाची जाहिरात करतो. लग्नात भला मोठा पितळी समई-जोड देणारे पाहुणे आठवावेत.

आता सभासदत्वाकडे. याच्या बाजूचा युक्तिवाद खरोखर जोरदार आहे आणि मी तो झटकणार नाही. सांगलीतल्या किंवा लातूरमधल्या एखाद्या मुलीला आज खिशातल्या फोनवर फुर्टवेंगलर, कार्लोस क्लायबर यांच्यासारखे कंडक्टर, मार्था अर्गेरिखसारखी पियानिस्ट, सगळे मिळतात. आमच्या वेळी त्यासाठी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये उभं राहून, खिसा चाचपत, एकाच सीडीवर समाधान मानावं लागायचं, आणि ते दुकानही २०१६ मध्ये बंद झालं. भांडार म्हणून स्ट्रीमिंगला तोड नाही. मी स्वतः वापरतो. पण भांडार आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरचं ताट पाठवणं आणि खानावळीचं महिन्याचं कार्ड हातात ठेवणं यात जो फरक, तोच.

शिवाय ही खानावळ कधी शटर ओढेल याचा नेम नाही. ॲमस्टरडॅमची प्राइमफोनिक ही फक्त अभिजात संगीताची सेवा होती. कंडक्टर, वाद्यवृंद, साल यांवरून नीट शोधता यायचं, आणि मुख्य म्हणजे ती कलाकारांना ऐकलेल्या सेकंदांच्या हिशेबाने पैसे द्यायची. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी ॲपलने ती विकत घेतली आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर ती बंद झाली. तिच्या जागी ॲपलचं अभिजात संगीताचं ॲप आलं ते मार्च २०२३ मध्ये, दीड वर्षाने. आदल्या नाताळात कुणाला त्या सेवेचं सभासदत्व मिळालं असेल, त्याच्या भेटीचं काय झालं? पैसे परत मिळाले असतील. पण भेटीचे पैसे परत मिळणं म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

सेकंदांचा हिशेब मी मुद्दाम सांगितला, कारण खरं दुखणं तिथे आहे. स्पॉटिफायसारख्या मोठ्या सेवेवर ३० सेकंदं वाजलं की ते एकदा ‘ऐकलं’ असं धरतात. तीन मिनिटांचं गाणंही एक, आणि माहलरच्या तिसऱ्या सिंफनीचा पहिला भाग, जो अर्ध्या तासाहून मोठा आहे, ज्यात शंभराच्या आसपास माणसं घाम गाळताहेत, तोही एकच. आपल्या ख्यालाची गतही निराळी नाही. पाऊण तासाचा विलंबित तोडी आणि एकतीस सेकंदांनंतर कंटाळून बदललेलं सिनेमातलं गाणं, दोघांची किंमत सारखी. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा की बारा महिन्यांत एखादा ट्रॅक हजार वेळा ऐकला गेला नाही तर त्याला काहीच मिळत नाही. कोण्या छोट्या कंपनीने विस्मृतीत गेलेल्या रचनाकाराची बारा व्हायोलिन सोनाटं ध्वनिमुद्रित केली, तर त्यांचे छत्तीस-अठ्ठेचाळीस भाग त्या हजाराच्या उंबरठ्याबाहेर ताटकळत राहणार. या व्यवस्थेत संगीत लहान तुकड्यांत तोडणाऱ्याचा फायदा आणि लांब श्वासाचं गाणाऱ्याचा तोटा आहे. ती कुणी द्वेषाने अशी केलेली नाही. तीन मिनिटांची गाणी समोर ठेवून केली, आणि बाकीच्यांनी त्यातच बसावं असं गृहीत धरलं.

आणि नावं! फोनवर ‘कलाकार’ या एका रकान्यात बाख, कंडक्टर, गायक, चर्चचं वृंद सगळे कोंबलेले. आपल्याकडे तर तबल्याला कोण, हार्मोनिअमला कोण, हे शोधून दाखवावं. अंकलनी निळ्या शाईने जे एका पुठ्ठ्यावर बसवलं होतं, ते या अवाढव्य यंत्रणांना अजून धड जमलेलं नाही.

उलट बाजूला एक तबकडी विकत घेण्याने काय होऊ शकतं, याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे लंडनची हायपेरिअन ही रेकॉर्ड कंपनी. टेड पेरी या माणसाने ती १९८० मध्ये सुरू केली आणि सुरुवातीला पैसा कमी पडायचा म्हणून तो टॅक्सी चालवायचा. त्याने बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड फॉन बिंगेन या मठातल्या बाईच्या रचनांची एक रेकॉर्ड काढली. पुन्हा एमा कर्कबी, आणि बरोबर क्रिस्टोफर पेज यांचा गोथिक व्हॉइसेस हा चमू. आठशे वर्षांपूर्वीची जोगीण, लॅटिन शब्द, जवळजवळ साथच नाही. शहाणा व्यापारी हे करणार नाही. ती रेकॉर्ड इतकी चालली की तिच्या जोरावर कंपनीने पुढे वर्षानुवर्षं न चालणाऱ्या गोष्टी काढल्या. पियानिस्ट ग्रॅहम जॉन्सन यांच्याबरोबर शूबर्टची सगळीच्या सगळी गाणी, १९८७ पासून दहा-बारा वर्षं, संपल्यावर ४० तबकड्या. प्रत्येक गाण्यावर जॉन्सन यांनी लिहिलेलं टिपण असं की नुसती पुस्तिका वाचत संध्याकाळ जावी. हा सगळा डोलारा उभा राहिला तो सुट्या सुट्या माणसांनी सुट्या सुट्या तबकड्या घेतल्या म्हणून. त्यातल्या कितीतरी नाताळच्या झाडाखालून घरात गेल्या असणार. हायपेरिअनने स्ट्रीमिंगला दीर्घकाळ दाद दिली नाही. २०२३ मध्ये ती युनिव्हर्सल या बड्या संगीत कंपनीने घेतली आणि मग तेही झालं.

पुस्तिकेचा मुद्दा मराठी वाचकाला जास्त लागू आहे. आपल्यापैकी किती जणांना जर्मन येतं? बाखच्या ऑरेटोरिओतला बास गायक नेमकं काय म्हणतोय, हे कळल्याशिवाय निम्मं संगीत हातातून निसटतं. अभंग चालीवर ऐकायचा, पण शब्द न कळता, तसं ते होतं. सीडीच्या डबीतल्या त्या बारीक अक्षरांच्या वहीत मूळ शब्द आणि शेजारी इंग्रजी भाषांतर असतं. मी जर्मन शिकलो नाही, पण काही जर्मन वाक्यं मला चालीसकट पाठ आहेत ती या वह्यांमुळे.

लोक विचारतात, वाजवायचं कशावर? लॅपटॉपची खाच गेली, गाडीतला प्लेअर गेला. बरोबर आहे. मग छोट्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून पूर्ण दर्जाची फाइल आणि पुस्तिका विकत घ्या, पेन ड्राइव्हवर घाला, आणि सोबत एका कागदावर हाताने नावं लिहून द्या. तबकडीचा मला हट्ट नाही. हट्ट आहे तो निवडीचा आणि नावांचा. प्लॅस्टिकचा कचरा म्हणाल, तर दोनशे सीडींच्या डब्यापेक्षा एक सीडी बरी. आणि महाग म्हणाल, तर नाताळच्या पार्टीत एका टेबलावर जे उठतं त्यात चार मसाया येतात. याहून जास्त या आक्षेपाला मी किंमत देत नाही.

घेणाऱ्यालाही एक काम असतं, त्याबद्दल मात्र कोणतीच यादी बोलत नाही. नाताळच्या सकाळी मिळालेली सगळ्यात देखणी सांगीतिक भेट बहुधा रिखार्ड वाग्नर या जर्मन रचनाकाराच्या बायकोला, कोझिमाला मिळाली. २५ डिसेंबर १८७०. कोझिमाचा वाढदिवस ते त्याच दिवशी साजरा करत. लुसर्नजवळच्या ट्रिब्शेनच्या घरात तिला जाग आली ती सुरांनी. नवऱ्याने जिन्यावर मोजके वादक उभे करून तिच्यासाठी गुपचूप लिहिलेली रचना सुरू केली होती. हान्स रिख्टर (कॅसेटवरचा रिख्टर नव्हे), जो पुढे मोठा कंडक्टर झाला, तो एवढ्यासाठी ट्रम्पेट शिकला होता, आणि त्याच्या वाट्याला होते जेमतेम तेरा ‘बार’, म्हणजे तालाचे तेरा छोटे तुकडे. आज आपण तिला ‘सिगफ्रीड इडिल’ म्हणतो, पण ती घरची वस्तू होती. घरातल्या बाळाचं नाव, घरातल्या आठवणी. मग पैशांची तंगी आली आणि १८७८ मध्ये वाग्नरने ती छापायला दिली. कोझिमाला ते लागलं. तिचं दुःख मी समजू शकतो, आणि तरीही ती रचना विकली गेली म्हणूनच मी गिरगावात ऐकू शकलो, हेही खरं. भेट घरातच राहावी की पुढे जावी, यावर माझं मत अजून हेलकावे खातं.

बाखला असले प्रश्न पडत नसत. ज्या नगाऱ्यावरून अंकलनी मला सावध केलं होतं, तो मूळचा येशूसाठी नव्हताच. डिसेंबर १७३३ मध्ये पोलंडच्या राणीच्या वाढदिवसाला बाखने लाइपझिगमध्ये एक कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची रचना, सादर केली. तिची सुरुवात, नगाऱ्यांनो वाजा, कर्ण्यांनो गर्जा. म्हणून आधी नगारा वाजतो. पुढच्या वर्षीच्या नाताळात तेच संगीत, शब्द बदलून, चर्चमध्ये. राणीच्या मुलाच्या अकराव्या वाढदिवसाला आणखी एक कँटाटा लिहिली होती. तिच्यात सुखविलास नावाची मोहिनी तरुण हर्क्युलिसला भुलवण्यासाठी ‘झोप रे लाडक्या’ गाते. ऑरेटोरिओच्या दुसऱ्या भागात तेच गाणं बाळ येशूची अंगाई होऊन येतं, आणि ऐकताना डोळे भरतात. आहेरात आलेली साडी पुढच्या आहेरात फिरवणाऱ्या आपल्या मावशा-आत्यांना नावं ठेवण्याआधी हे आठवावं. भेट फिरवता येते. पण फिरवणाऱ्याला कापडाची पारख हवी.

आमच्या घरी त्या कॅसेटचं काय झालं ते सांगतो. मी नगारा ऐकला आणि सांगितलं होतं तरीही टेप बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. महिनाभरात वडील ऑफिसला निघताना ती ट्रम्पेटची तान शिट्टीत वाजवू लागले, आणि आई म्हणाली की हे लोक एकदम इतके जण कसे गातात, भांडण झाल्यासारखं वाटतं, पण गोड आहे. पुढच्या दिवाळीत ताट भरताना वडिलांनी चकल्यांच्या कडेला एक कॅसेट खोचली. मल्लिकार्जुन मन्सूर. दुकानातून पैसे देऊन आणलेली, हे नमूद करतो.

चार दिवसांनी अंकल जिन्यात भेटले. म्हणाले, “बाबांना विचार, हा माणूस एकदम मधूनच कसा सुरू होतो? अगोदरचा भाग राहिला काय भरायचा?”

वडिलांनी निरोप धाडला, नाही, ते असेच सुरू करतात. पुन्हा ऐका.

नाताळला ताट आलं. रुमालाखाली ऑरेटोरिओचे उरलेले तीन भाग होते, आणि सोबत निळ्या शाईतली चिठ्ठी, वडिलांच्या नावाने. यांचं आणखी काही असेल तर द्या, फराळ थोडा कमी चालेल.